संशोधनाकडे परतताना: अर्ज सगळ्यात शेवटी

लग्न, बदली, बाळंतपण, घरातलं आजारपण, किंवा नुसताच एक प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही. लॅब सुटते ती अशी. मग सहा-आठ वर्षांनी कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवतं: महिला शास्त्रज्ञांसाठी योजना, शेवटच्या तारखेला नऊ दिवस बाकी. फॉर्म उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच गाडी अडते, कारण तिथे यजमान संस्थेचं, म्हणजे जिथे काम करणार त्या संस्थेचं, संमतिपत्र मागितलेलं असतं. नऊ दिवसांत अनोळखी संस्थेच्या संचालकांची सही मिळत नाही. अर्ज राहतो, आणि 'आपल्याला आता कोण घेणार' हा समज पक्का होतो.

अडचण बहुतेक वेळा क्रमाची असते. आधी कागद, मग हात, मग माणूस, आणि अर्ज सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं तर नऊ महिने ते वर्षभर लागतं. हे मार्गदर्शन महाराष्ट्रात राहून जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा रसायनशास्त्रात परतणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. भौतिकशास्त्र किंवा गणितातल्यांनी पिपेटचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या सरावाचा भाग सोडून बाकीचं घ्यावं.

पहिला महिना: कागद

कंटाळवाणं काम आहे, पण ऐन मुलाखतीत यानेच दगा दिलेला असतो.

नावापासून सुरुवात करा. आपल्याकडे पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, पॅनवर तिसरंच काहीतरी, असं सर्रास असतं. परीक्षांचे ऑनलाइन फॉर्म आधारशी जुळवून बघतात आणि जुळलं नाही तर अडवतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. आडनाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद करून घ्या. एकदा केली की पुढची सगळी कामं सोपी होतात. शोधनिबंध मात्र ज्या नावाने छापले गेलेत तेच नाव पुढेही चालू ठेवावं. 'ऑर्किड' हा संशोधकांचा मोफत ओळख क्रमांक काढा आणि त्यात दोन्ही नावं नोंदवा, म्हणजे जुने-नवे निबंध एकाच खात्याखाली येतात.

त्यानंतर पदवी प्रमाणपत्र. 'प्रोव्हिजनल' वर्षानुवर्षं कपाटात असतं आणि मूळ पदवी विद्यापीठातून घेतलेलीच नसते. ती मागवा, सोबत ट्रान्सक्रिप्टही मागवा. अर्ज केल्यापासून हातात पडेपर्यंत कितीही आठवडे जाऊ शकतात, म्हणून हे पहिल्या महिन्यात.

जुन्या गाईडना फोन करा. कामाचं पत्र त्यांच्याकडून आताच घ्यायचं, कारण ते निवृत्त झाले की संस्थेचं लेटरहेड मिळत नाही. पत्रात तारखा हव्यात, कोणती तंत्रं स्वतःच्या हाताने केली ते हवं. 'शी इज हार्डवर्किंग' या वाक्याचा उपयोग शून्य. याच फोनमध्ये दुसरा प्रश्न विचारून घ्या: प्रबंधातला जो भाग छापला गेला नाही त्याचा मूळ डेटा कुठे आहे आणि तो वापरायला परवानगी आहे का. तो डेटा पुढे लागणार आहे.

पीएच.डी. प्रवेशाच्या वेळी काही विद्यापीठं गॅप सर्टिफिकेट मागतात. म्हणजे नोटरीसमोर केलेलं साधं प्रतिज्ञापत्र: अमुक ते अमुक काळात मी कुठेही नियमित शिक्षण घेत नव्हते. एका दिवसाचं काम आहे, आधीपासून काळजी करण्यासारखं काही नाही.

आपलं दार कोणतं

परतणाऱ्या सगळ्यांना एकच सल्ला लागू होत नाही.

एम.एस्सी. आहे, नेट नाही. अशांनी सीएसआयआर-यूजीसी नेट (विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आणि सेट (तशीच राज्य पातळीवरची) दोन्हींकडे बघावं. नेट देशभर चालते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती या दोन राज्यांपुरतीच चालते. जेआरएफला, म्हणजे संशोधनासाठीच्या कनिष्ठ फेलोशिपला, वयाची अट आहे, सर्वसाधारण गटासाठी ३० आणि स्त्रियांना ५ वर्षांची सवलत. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अटच नाही, हे पस्तिशी ओलांडलेल्या अनेकींना माहीत नसतं. जीवशास्त्राच्या नेटमध्ये २०० गुण तीन भागांत आहेत: पहिल्या भागात २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, दुसऱ्यात ५० पैकी ३५, तिसऱ्यात ७५ पैकी २५. तिसऱ्या भागातला प्रत्येक प्रश्न ४ गुणांचा, म्हणजे निम्मे गुण त्याच २५ प्रश्नांत. खंडानंतर अभ्यास करणारे पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि तिसऱ्या भागापर्यंत पोचतच नाहीत. तो भाग प्रयोगाचे निकाल देऊन अर्थ विचारतो. आठ विषय निवडून तेवढेच खोल करणं परवडतं, कारण प्रश्न निवडायची मुभा आहे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण जातात. सेटमध्ये उणे गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

शिकवण्याकडे जायचं असेल तर १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक पदासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. कायमची जागा निघेपर्यंत बहुतेकांना सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरचं काम करावं लागतं. ते घ्यायला हरकत नाही, फक्त प्रत्येक सत्राचं नेमणूकपत्र आणि अनुभवपत्र त्याच वर्षी हातात घ्या.

पीएच.डी. अर्धवट सुटली आहे. आधी नोंदणी जिवंत आहे की रद्द झाली ते विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात लेखी विचारा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रवेशापासून कमाल ६ वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी २, आणि स्त्रियांना त्यावर आणखी २. म्हणजे जास्तीत जास्त १०. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. याच नियमांत एक कलम फार कामाचं आहे: लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर स्त्री संशोधकाला आपला संशोधनाचा डेटा दुसऱ्या संस्थेत नेता येतो. अट इतकीच की काम एखाद्या निधी संस्थेच्या प्रकल्पातलं नसावं, आणि मूळ संस्थेला व गाईडना त्यांच्या वाट्याचं श्रेय द्यावं. नोंदणी जुन्या नियमांखाली असेल तर विद्यापीठ त्याच नियमांवर बोट ठेवेल, म्हणून नोंदणीपत्रावरची तारीख आधी बघा.

पीएच.डी. पूर्ण आहे, नंतर खंड. इथे खास योजना आहेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली. आज ती 'वाइज-किरण' या छत्राखाली आहे. त्यात पीएच.डी. करण्यासाठी एक वाट, पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी दुसरी, समाजोपयोगी तंत्रज्ञानासाठी 'वाइज-स्कोप', बौद्धिक संपदा प्रशिक्षणासाठी 'वाइज-आयपीआर' आणि ज्येष्ठ स्त्री शास्त्रज्ञांसाठी 'विदुषी'. जैवतंत्रज्ञान विभागाची 'बायोकेअर' २०११ पासूनची. वयाच्या अटी आणि रकमा दर जाहिरातीत बदलतात. मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबून अर्ज लिहू नका.

एक गल्लत हमखास होते. रामलिंगस्वामी फेलोशिपच्या नावात 'री-एंट्री' हा शब्द आहे, म्हणून खंड पडलेले अनेक जण तिच्यामागे लागतात. ती परदेशात काम करणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी भारतात परतावं म्हणून आहे. पुण्यात घरी असलेल्या माणसाचा तिच्याशी संबंध नाही.

आणि ज्यांना बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलाशी, उभंच राहायचं नाही त्यांच्यासाठी पेटंटचं काम. विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी, वय २१ पूर्ण आणि भारतीय नागरिकत्व असलं की पेटंट एजंट परीक्षा देता येते. दोन पेपर प्रत्येकी १०० गुणांचे, व्हायवा ५० चा. प्रत्येक पेपरात ५० टक्के आणि एकूण ६० टक्के लागतात. दुसरा पेपर मसुदा लिहिण्याचा, आणि तिथेच लोक पडतात, कारण 'क्लेम', म्हणजे शोधाच्या नेमक्या कशावर हक्क सांगतो ती वाक्यं, लिहायचा हात केवळ वाचून बसत नाही. मंजूर झालेली पेटंटं काढायची, त्यांचे क्लेम झाकून वर्णनावरून स्वतः लिहायचे आणि मग पडताळायचे. असे तीस-चाळीस केल्यावर फरक पडतो. नागपूरला बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, मुंबईत पेटंट कार्यालय आहे. हे काम घरून बरंच करता येतं.

हात पुन्हा बसवणं

मुलाखतीत समोरच्यांच्या मनात एकच शंका असते: हिला अजून काम येतं का? दहा वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र ती शंका फेडत नाही. गेल्या तीन महिन्यांतला एक नीट काढलेला आलेख फेडतो.

जागा शोधताना मोठ्या संस्थांच्या मागे लागू नका. जवळच्या महाविद्यालयाचा सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभाग पुरेसा आहे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी बघून विभागप्रमुखांना भेटा, चार आठवडे बेंच मागा, रसायनांचा खर्च स्वतः करायची तयारी दाखवा. बिनपगारी काम चार ते सहा आठवड्यांच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे ते सराव राहत नाही, फुकटची मदतनीस होते. सुरुवातीलाच तारखा लिहिलेलं पत्र घ्या.

पहिलं काम पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून उचलायच्या साधनाचं. चार दशांशांचा तराजू, त्यावर छोटं बीकर, पाणी खोलीच्या तापमानाला आणलेलं. १००० मायक्रोलीटर दहा वेळा टाका आणि प्रत्येक वजन लिहा. २५ अंशांना ते ०.९९७ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. सरासरी एका टक्क्यापेक्षा जास्त हलली असेल पण दहाही आकडे एकमेकांजवळ असतील, तर आधी पिपेटवर संशय घ्या, त्याचं कॅलिब्रेशन गेलेलं असू शकतं. आकडे एकमेकांपासून लांब असतील तर हात सुटला आहे. कारणं ठरलेली: द्रव ओढताना बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं जातं (मग जास्त येतं), बटण झटकन सोडलं जातं (बुडबुडा येतो), टीप द्रवात फार खोल जाते (बाहेरून थेंब चिकटतो), नवी टीप एकदा भिजवून घेतलेली नसते. मग हेच २०० मायक्रोलीटरवर. दोन दिवस हे करणं बालिश वाटेल, तरी करा.

दुसरं काम द्रावणं. एक लिटर पीबीएस (पेशींसाठी वापरायचं, सामू स्थिर ठेवणारं बफर द्रावण): मीठ ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४, ८०० मिलीलीटर पाण्यात विरघळवून सामू ७.४ ला आणायचा, मग लिटर पूर्ण करायचं. इथली नेहमीची चूक बाटलीच्या लेबलवर असते. १.४४ हा आकडा निर्जल क्षाराचा आहे. बाटली डायहायड्रेटची असेल तर सुमारे १.८ ग्रॅम लागतात, बारा पाण्याच्या रेणूंची असेल तर सुमारे ३.६. लेबल न वाचता १.४४ घेतलं की बफर कमकुवत होतो; सामू तुम्ही जुळवूनच घेतलेला असतो, त्यामुळे चूक दिसत नाही, आणि पेशी का मरतायत याचा शोध आठवडाभर चालतो.

तिसरं, प्रोटीन मोजणं. ब्रॅडफर्ड ही रंग किती गडद होतो त्यावरून मोजायची पद्धत, बीएसए या प्रमाण प्रोटीनचे ०, १२५, २५०, ५००, ७५० आणि १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर, प्रत्येकी तीन नळ्या, ५९५ नॅनोमीटरवर वाचन. आलेख वरच्या टोकाला थोडा वाकेल. तो ब्रॅडफर्डचा स्वभावदोष आहे, तुमचा नाही. वाकलेला भाग सोडून द्या. पण एकाच पातळीच्या तीन नळ्या एकमेकांपासून दूर पडत असतील तर तो हाताचा विखुरलेपणा. हा फरक तुम्हाला शब्दांत सांगता आला पाहिजे, कारण मुलाखतीत हाच प्रश्न येतो.

सूक्ष्मजीवशास्त्राकडे जाणाऱ्यांनी जिवाणूंची मोजणी करावी. १ मिलीलीटर वाढ ९ मिलीलीटर सलाईनमध्ये, असं सलग सहा नळ्या. पाचव्या नळीतले १०० मायक्रोलीटर प्लेटवर पसरून ८४ वसाहती आल्या, तर मूळ वाढीत मिलीलीटरला ८.४ कोटी. मोजायच्या त्या ३० ते ३०० वसाहतींच्याच प्लेट. लागोपाठच्या दोन नळ्यांत दहापट फरक दिसायला हवा. तो तीन-चारपटच दिसला तर नळी नीट हलवलेली नाही किंवा टीप बदललेली नाही.

या सगळ्याची वही ठेवा. तारीख, लॉट नंबर, काय बिघडलं, पुन्हा केलं तेव्हा काय आलं. यजमान प्राध्यापकाला भेटायला जाताना हीच वही घेऊन जायची.

संगणकाचा भाग

या काळात विज्ञानही हललं आहे. प्रोटीनची रचना आता प्रयोगाआधी अल्फाफोल्ड या एआय प्रणालीच्या खुल्या संग्रहात बघतात. तिथे २० कोटींहून अधिक अंदाजित रचना आहेत. निबंध छापण्याआधी बायोआर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर टाकायची पद्धत जीवशास्त्रात रुळली. स्तंभालेखाऐवजी प्रत्येक बिंदू दाखवलेला आलेख मागतात.

अभ्यासक्रमांमागून अभ्यासक्रम करत बसू नका. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांपैकी) एक, आठ किंवा बारा आठवड्यांचा, परीक्षेसकट, पुरे. त्यात असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात, आणि दोन्हींत वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, म्हणजे २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. असाइनमेंटच्या तारखा चुकवून नुसत्या परीक्षेवर भागत नाही. मग 'आर' किंवा पायथन ही संगणकभाषा घेऊन स्वतःच्या प्रबंधातला जुना डेटा उघडा आणि त्यातल्या चार आकृत्या आजच्या पद्धतीने पुन्हा काढा. विषय ओळखीचा असल्यामुळे फक्त साधन शिकावं लागतं. डेटा सीडीवर असेल तर आधी तो वाचता येतोय का ते बघा. नसेल वाचता येत तर एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या 'जिओ' या जनुकांच्या डेटा संग्रहातून कुणाचाही खुला डेटा उतरवून घ्या.

निबंध वाचायला मिळणं ही घरी असलेल्यांची खरी अडचण. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना १३,००० च्या आसपास नियतकालिकं खुली झाली आहेत. घरी बसून नाहीत, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं बाहेरच्या वाचकाचं सभासदत्व मिळालं तर तिथल्या संगणकावर वाचता येतात का ते विचारा. भारतीय प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत आहेत. ज्या लॅबमध्ये जायचं आहे तिथल्या अलीकडच्या विद्यार्थ्याचा प्रबंध वाचला की लॅबमध्ये कोणती यंत्रं आहेत आणि काय अडतं ते कळतं. निबंधात हे नसतं.

सावध करायला हवं असं एक: सीव्हीतली रिकामी वर्षं भरून काढायला म्हणून पैसे घेऊन तीन दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागणं. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे' हा आधारही उरलेला नाही. असा एक निबंध असण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

यजमान शोधणं

सगळ्यात जास्त वेळ याला द्या, तीन महिने तरी. महाराष्ट्र आणि गोव्यात पर्याय बरेच आहेत: पुण्यात एनसीएल (रसायनशास्त्र), आयसर, एनसीसीएस (पेशीविज्ञान), आघारकर, मुंबईत आयसीटी (रसायन तंत्रज्ञान), आयआयटी, परळची प्रजनन आरोग्य संस्था, नवी मुंबईत खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, नागपुरात नीरी (पर्यावरण) आणि कापूस संशोधन संस्था, गोव्यात एनआयओ (समुद्रविज्ञान). शिवाय राज्य विद्यापीठांचे विभाग, जे यादीत सहसा शेवटी येतात आणि जिथे दार सगळ्यात लवकर उघडतं.

प्राध्यापक निवडताना तीन गोष्टी बघा. गेल्या दोन वर्षांत निबंध आले आहेत का. चालू प्रकल्प आहे का, कारण तुमचा निधी यायच्या आधीची रसायनं तिथूनच मिळणार. आणि निवृत्तीला किती वर्षं आहेत. तीन वर्षांच्या योजनेला दीड वर्षात निवृत्त होणारे यजमान चालत नाहीत. एकदम चाळीस जणांना एकच मेल पाठवू नका, ओळखू येतो. सहा जण निवडा, प्रत्येकाचे शेवटचे तीन निबंध वाचा.

मेल दीडशे-दोनशे शब्दांचा. पहिल्या दोन ओळींत त्यांच्या कोणत्या निबंधातल्या कोणत्या निकालाशी तुमचं काम जोडतं ते. मग तुमच्याकडे काय येतं: तीन तंत्रं, आणि शेवटची कधी केली. मग खंड, एका वाक्यात: 'कौटुंबिक कारणाने २०१७ ते २०२४ संशोधनापासून दूर होते, गेल्या चार महिन्यांत अमुक महाविद्यालयात अमुक तंत्रांचा सराव केला, सोबत आकृती जोडली आहे.' मग मागणी: फेलोशिप नको, नोकरी नको, अर्ध्या तासाची भेट. सोबत दोन पानांचा सीव्ही. 'आदरणीय सर, आपल्या महान कार्याने प्रेरित होऊन' याने सुरू होणारा मेल वाचला जात नाही. दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण करा.

सीव्हीमध्ये खंड लपवू नये, एक ओळ म्हणून लिहावा. तारखा वगळल्या की वाचणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो. त्या काळात अकरावी-बारावीचे क्लास घेतले असतील तर तीही एक ओळ लिहा. पडताळून बघता येईल असंच लिहा.

अर्ज

आता अर्ज. विषय यजमानांशी बोलूनच ठरवायचा, आणि तो लहान ठेवायचा. तीन उद्दिष्टं, त्यातलं पहिलं इतकं खात्रीचं की वर्षभरात निबंध निघेल. पहिल्या प्रस्तावात प्राणी किंवा रुग्णांचे नमुने शक्यतो घेऊ नका: नैतिकता समित्यांची मंजुरी यायला महिने जातात आणि ती आल्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. जनुकबदल केलेले जिवाणू असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचीही मंजुरी लागते.

अंदाजपत्रकात लोक दोन चुका करतात. सगळं मोठं यंत्रात घालतात, आणि समीक्षक विचारतो की हे यंत्र यजमानांकडे का नाही. किंवा रसायनांचा आकडा गोल टाकतात. त्याऐवजी मोजून लिहा: किती नमुने, प्रत्येकाच्या किती प्रती, एका किटमध्ये किती होतात, म्हणून किती किट, अधिक बिघडणाऱ्यांसाठी पंधरा-वीस टक्के. आयात अँटीबॉडीला आठ आठवडेही लागू शकतात. वेळापत्रकाच्या पहिल्या तिमाहीत तिच्यावर अवलंबून असलेला प्रयोग ठेवू नका.

संस्थाप्रमुखांच्या सहीचं संमतिपत्र, शिक्का, ठरलेल्या नमुन्यात. त्यासाठी तीन आठवडे धरा. पोर्टल शेवटच्या दिवशी मंदावतं, म्हणून दोन दिवस आधी अर्ज पाठवून पोच छापून ठेवा.

योजनेच्या निकालाची वाट बघताना प्रकल्पांतल्या जागांच्या मुलाखती द्या. प्रोजेक्ट असोसिएटच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर सतत येतात. मूळ कागद, प्रतींचे दोन संच, आणि दहा स्लाइड घेऊन जायचं. 'इतकी वर्षं काय केलं' हा प्रश्न येणारच. उत्तर दोन वाक्यांचं, आणि तिसरं वाक्य वहीतल्या आलेखाबद्दल. दोन वाक्यांत संपलं की समितीही पुढे सरकते. लांबवलं की तीही तिथेच रेंगाळते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या आदेशानुसार जेआरएफला महिना ३७,००० आणि रिसर्च असोसिएटला अनुभवानुसार ५८,००० ते ६७,००० रुपये, अधिक शहरानुसार घरभाडं. जाहिरातीतला आकडा याहून बराच कमी दिसला तर कोणत्या नियमाने ठरवला ते विचारायला लाजू नका.

परदेशात असाल तर

ब्रिटनमध्ये डॅफ्ने जॅक्सन ट्रस्ट १९९२ पासून नेमकं हेच काम करतो. किमान दोन वर्षांचा खंड कौटुंबिक, शुश्रूषेच्या किंवा आरोग्याच्या कारणाने असावा लागतो. फेलोशिप सहसा अर्धवेळ दोन वर्षांची असते आणि दरवर्षी किमान १०० तास नव्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवलेले असतात. पुरुषही अर्ज करू शकतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या बऱ्याच जणींना ही माहितीच नसते. भारतातल्या फेलोशिप सहसा पूर्णवेळ असतात. घर आणि लॅब यांच्या अंतराचा हिशेब म्हणून आधीच करा. रोज येऊन-जाऊन तीन तास प्रवास असेल तर संध्याकाळी सहाला काढायचा नमुना कुणाच्या भरवशावर राहणार, हे यजमानांशी आधीच बोलून घ्या.

रुजू झाल्यावर

निधी मंजूर झाल्याचं पत्र आणि खात्यात पैसे यांच्यामध्ये वेळ जातो, आणि पुढच्या वर्षीचा हप्ता खर्चाचं विवरण व उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय येत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. संस्थेच्या लेखा विभागाकडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः जा, कागद तिथे आपोआप हलत नाही. निदान पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच हातातलं दुसरं काम सोडा.

पहिल्या तीन महिन्यांत लॅबमधल्या पीएच.डी.च्या मुलांकडून शिकायला लागणार आहे, आणि ती वयाने पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांना 'ताई, हे असं नाही करत आता' म्हणता यावं इतपत मोकळीक पहिल्याच आठवड्यात तयार करा. बदललेल्या गोष्टी बहुतेक लहान असतात: बऱ्याच लॅबमध्ये जेलसाठी इथिडियम ब्रोमाइडऐवजी कमी घातक रंग, वहीऐवजी संगणकावर नोंद, फ्रीजरच्या डब्यांची सामायिक यादी. विचारलं नाही तर कुणाचे तरी नमुने हलवले जातात आणि वातावरण बिघडतं.

फेलोशिप तीन वर्षांची असेल तर पुढचा अर्ज अठराव्या महिन्यात लिहायला घ्या. तोपर्यंत पहिल्या उद्दिष्टाचा निबंध पाठवलेला असायला हवा. नसेल, तर दुसरं उद्दिष्ट बाजूला ठेवून आधी तो पाठवा.